सातारा–पंढरपूर, मार्गे वाचन

९ जून २०२४, रविवार

लॅबमध्ये आम्ही तारीख घातल्याशिवाय काही लिहीत नाही. तीच सवय घरी वापरतेय. विषय: भाचा सार्थक, वय नऊ, येत्या शनिवारी चौथीत जाणार. तक्रार: वाचत नाही. पुस्तक पुढे ठेवलं की आधी तहान लागते, मग शू लागते, मग पोटात दुखतं.

कारणं घरात प्रत्येकाकडे तयार आहेत. दादा म्हणतो मोबाईल. वहिनी म्हणते शाळेत लक्ष देत नाहीत. आण्णा म्हणतात, लाड. मी म्हटलं, आधी तपासणी करू, निदान नंतर.

दुसरीच्या मराठीच्या पुस्तकातला एक न वाचलेला उतारा दिला आणि घड्याळ लावलं. मिनिटाला बरोबर शब्द २८. केंद्र सरकारच्या निपुण भारत या साक्षरता मोहिमेचं लक्ष्य तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द असं आहे, म्हणजे निम्म्याच्याही खाली. वाचताना मान पुस्तकात, पाय टेबलाखाली हलत, आणि दर ओळीला माझ्या तोंडाकडे एक नजर.

मग उलटं केलं. चौथीच्या पुस्तकातला एक पाठ मीच वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर. वर, "त्या शेतकऱ्याने बैल आधी का नाही विकला?" असं लेखकालाच धारेवर धरलं. म्हणजे डोकं, भाषा, समज सगळं जागेवर. अडतंय ते कागदावरच्या अक्षरांपाशी.

गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू लंगडी असली की दुसरी कितीही दणकट असून उपयोग होत नाही. कंटाळा हा आजार नाही, लक्षण आहे, असं माझं आजचं मत. पुरावा गोळा करायचा आहे.

१२ जून, बुधवार

डोळे तपासून आणले. नंबर नाही. कानही ठीक.

चुकांची यादी केली. काना, मात्रा, वेलांटी असलेले साधे शब्द येतात, हळू पण बरोबर. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांची अधूनमधून अदलाबदल. खरा खड्डा जोडाक्षरांचा. जोडाक्षर दिसलं की पहिलं अक्षर बघून अंदाजपंचे शब्द ठोकून देतो: 'प्रयत्न'चं 'प्रश्न', 'विश्वास'चं 'विशाल'. अंदाज कधी लागतो, कधी नाही, आणि लागला नाही की वाक्य कोसळतं. मग तहान.

डिस्लेक्सियाचा, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन अडणाऱ्या अवस्थेचा, विचार मनात आहेच. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' नावाची चाचणी मराठीतही आहे, म्हणजे मुलाला त्याच्या भाषेत तपासता येतं, नुसत्या इंग्रजीवरून शिक्का मारावा लागत नाही. दिवाळीपर्यंत नेटाने काम करूनही काटा हलला नाही तर तिकडे जायचं, हे वहिनीशी बोलून ठरवलं. आण्णांना सांगितलेलं नाही. 'पोराला वेडं ठरवता काय' इथून सुरुवात होईल.

१६ जून, रविवार

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या पुस्तकांचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, पुस्तकं फुकट, मराठीत भरपूर, आणि चार पातळ्यांत लावलेली. पहिल्या-दुसऱ्या पातळीचं काही फोनवर उघडून दिलं. दोन पानं झाल्यावर फोन परत. "आत्या, हे बारक्यांचं आहे. यात हत्ती नुसता अंघोळ करतोय."

बरोबर आहे त्याचं. वाचनाचं वय सात, बाकीचं वय नऊ. त्याच्या बरोबरीची पोरं दुसरं काही वाचतात हे त्याला दिसतं. सोपं पुस्तक म्हणजे अपमान, आणि बरोबरीचं पुस्तक म्हणजे मार. या दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं.

एक तांत्रिक नोंद. फोनवरचा ल आणि श त्याला परके वाटले. शाळेच्या पुस्तकात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असतो. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी तेच रूप धरलंय. फोनवर बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाची अक्षरं येतात. आपल्याला जाणवतही नाही, पण जो अजून अक्षरागणिक चाललाय त्याला तेवढी ठेच पुरते. छापील मजकूर शक्यतो मराठी वळणाचा ठेवायचा.

दादाने पानाला दहा रुपये जाहीर केले. पोराने तीन ओळींचं पान शोधून काढलं. योजना संध्याकाळी बंद.

२३ जून, रविवार

आण्णांना औंधला जायचं होतं म्हणून स्टँडवर. सार्थकला एसटीचं वेड आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या डेपोची गाडी, शिवशाही की हिरकणी, नवीन की रंग मारलेली, हे तो लांबून सांगतो. आज कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं की तो पाट्या *वाचत* नाही. गाडीचा रंग, डेपोचं अक्षर आणि लागणारा फलाट यावरून ओळखतो. पंढरपूरची गाडी फलाट बदलून लागली तर त्याने बेधडक "वडूज" सांगितलं.

आण्णांची गाडी सुटल्यावर आम्ही दोघं कठड्यावर बसलो. मी म्हटलं, पाटी वाचून सांग, मग विचार करू आईस्क्रीमचा. पाटी होती: सातारा – पंढरपूर, मार्गे कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड.

'सातारा' झटकन. 'पंढरपूर' झटकन. 'मार्गे'ला अडला. "मागरे?" मी गप्प. मनात पाच मोजायचे, तोवर शब्द सांगायचा नाही, हा माझा नियम. त्याने परत पाहिलं. "मा... मागे?" त्यालाच हसू आलं. "गाडी मागे जाईल काय?"

मग मी चिठ्ठीवर त्याचंच नाव लिहिलं. सार्थक. हे तर तो बालवाडीपासून लिहितोय. थ च्या डोक्यावर काय आहे, म्हटलं. बघत बसला. नाव त्याच्यासाठी आजवर अख्खं चित्र होतं, आतला र त्याने कधी सुटा पाहिलाच नव्हता. "सा... र... थक. हा र आहे?" मग पाटीकडे: "मा... र... गे. मार्गे!" आणि मग स्टँडवरच्या प्रत्येक गाडीचं 'मार्गे' जोरजोरात. एक वाहक थांबून विचारून गेले, "कुठं जायचंय बाळ?"

आईस्क्रीम दिलं.

३० जून, रविवार

आठवडाभर फक्त र. हे थोडं सविस्तर लिहून ठेवते, कारण मोठ्यांना हे अवघड असतं हेच मुळी आठवत नाही.

एकच र, आणि एसटीच्या भोवती त्याची सगळी रूपं सापडतात. 'सातारा'तला सरळ र. 'प्रवासी'त तो प च्या दांड्याला तिरकी रेघ होतो. 'महाराष्ट्र'मध्ये ट ला दांडा नाही, म्हणून खाली छोटं छप्पर होतो, आणि वर ष अर्धा. 'मार्गे'त तो डोक्यावर चढतो. आणि पेपरात छापतात त्या 'कऱ्हाड'मध्ये तो अर्धा होऊन ह ला चिकटतो. (गाड्यांवर सरळ 'कराड' असतं. सार्थकचं म्हणणं, एसटी शहाणी आहे.)

त्यातला रफार, म्हणजे डोक्यावर चढणारा र, सगळ्यात दगाबाज. 'शिर्डी' घ्या. डोळ्याला पहिली दिसते वेलांटी, पण बोलायची श नंतर. रफार दिसतो अगदी शेवटी, डी च्या दीर्घ वेलांटीलाही ओलांडून उजवीकडे, पण बोलायचा ड च्या आधी. म्हणजे दोन अक्षरांच्या शब्दात डोळ्याला दोनदा उलटं फिरावं लागतं. सराईत वाचक 'शिर्डी' अख्खं उचलतो, त्याला पत्ताही लागत नाही. नवखा डावीकडून उजवीकडे इमानदारीत जातो आणि फसतो. 'नीट बघून वाच' हा सल्ला अशा वेळी कुचकामी, कारण तो नीट बघूनच चुकलेला असतो.

सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या कामात (२००७) दिसलं होतं की अक्षरं पक्की होणं पहिलीत संपत नाही, पुढची काही वर्षं, चौथीपर्यंत चालू राहतं. मराठीची गत वेगळी कशी असेल? चौतीस व्यंजनं धरली तरी बाराखडीची चारशेवर रूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. आणि आपण पहिलीच्या मार्चमध्ये 'झाली बाराखडी' म्हणून हात झटकतो.

६ जुलै, शनिवार

पद्धत आता बसली. रात्री जेवणाआधी, बारा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. दोघं मिळून मोठ्याने वाचायचं, माझा आवाज त्याच्या आवाजाच्या किंचित मागे. एकट्याने वाचावंसं वाटलं की तो माझ्या हातावर टिचकी मारतो, मी थांबते. अडला तर पाच मोजायचे, मग शब्द सांगून पुढे. फोड करत बसायची ती फक्त त्या आठवड्याच्या अक्षराची. बाकी सगळ्या शब्दांची चिरफाड केली तर गोष्ट मरते.

या आठवड्याचं: स्व, श्व, त्व. स्वारगेट, महाबळेश्वर.

वर्गात पाळीपाळीने उभं राहून वाचायचं असतं, आणि तिथे अडलं की पोरं हसतात. पोटदुखीचं मूळ तिथे असावं. बाईंना भेटले. एवढंच मागितलं, की त्याच्या वाट्याचा परिच्छेद आदल्या दिवशी कळवा. त्या लगेच हो म्हणाल्या, फोनवर पाठवतात. फुकटात होणारी आणि ताबडतोब गुण देणारी गोष्ट आहे ही.

१४ जुलै, रविवार

बुधवारी आषाढी. स्टँडवर जादा गाड्यांची गर्दी. काचेवर कागद चिकटवून स्केचपेनने लिहिलेल्या पाट्या, म्हणजे हस्ताक्षर. छापील अक्षर बऱ्यापैकी जमायला लागलेला गडी इथे परत डगमगला. नव्या गाड्यांवरच्या दिव्यांच्या सरकत्या पाट्या तर मलाही अवघड गेल्या, ठिपक्यांत जोडाक्षर फुटतं.

घरी आल्यावर त्याने बुटांच्या खोक्याच्या पाट्या करायला घेतल्या. स्वतःहून. मी कात्री दिली, बाकी लांब राहिले.

२८ जुलै, रविवार

आजारपण, पाऊस, शाळेला सुट्टी. काम जवळपास ठप्प. पाट्यांचा ढीग मात्र वाढतोय.

११ ऑगस्ट, रविवार

या महिन्यातली सगळ्यात कामाची गोष्ट.

वाचनाचा वेग वाढवायचा तर तोच मजकूर परत परत वाचायचा, हे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय आणि ते खरंही आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला सांगून बघा, 'हाच परिच्छेद चौथ्यांदा वाच'. त्याचा साधा प्रश्न असतो: का?

सार्थकने जिन्याखाली स्टँड मांडलाय. फलाट एक ते चार, पाट्या लावलेल्या खुर्च्या, आणि चौकशी खिडकी. घोषणा करायला तोच. पहिल्या दिवशी तोंडाला येईल ते बोलत होता. मी म्हटलं, खऱ्या स्टँडवर कागद बघून बोलतात. मग दोघांनी मिळून मजकूर लिहिला: "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. सातारा–पंढरपूर, मार्गे कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांना आधी चढू द्यावे."

हे त्याने किती वेळा वाचलं याची गणती नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून नाही. घोषणेत अडखळून चालत नाही, प्रवासी गोंधळतात. 'कृपया'चा ऋकार, 'क्रमांक'चा क्र, 'विद्यार्थी'त द्य आणि परत रफार, 'ज्येष्ठ'मध्ये दोन जोडाक्षरं. पुस्तकात हा मजकूर दिला असता तर घरात पाणी संपलं असतं. इथे तो स्वल्पविरामाला थांबतो, गावाच्या नावावर जोर देतो. सूर आला, म्हणजे अर्थ धरून वाचतोय.

आता मजकूर रोज थोडा बदलते. नवी गावं, नवे नियम, एखादी गाडी रद्द. कारण पाठ झालेलं म्हणणं आणि वाचणं यातली रेषा पुसट असते. म्हसवडऐवजी मी गुपचूप 'म्हासुर्णे' लिहून ठेवलं. बोलता बोलता थांबला, कागदाकडे पाहिलं, वाचलं, मग माझ्याकडे डोळे वटारले. झालं माझं काम.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन करून आण्णांबरोबर कोरेगावला. (आण्णा पंच्याहत्तरच्या वर, फुकट. मी बाई म्हणून अर्धं तिकीट. सार्थक पोरगा म्हणून अर्धं. वाहक म्हणाले, पूर्ण तिकीट काढणारं कुणी आणलंच नाही का.)

गाडीत आता तो सगळं वाचतो. 'धूम्रपान करू नये'. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. आणि राखीव जागेवरचं 'स्वातंत्र्यसैनिक'. इथे घाम निघाला. 'तंत्र' येतं का? येतं. त्याला य जोड. तंत्र्य. आता पुढे स्वा. जमलं. लगेच प्रश्न: "हे कुठं असतात? कधी बसलेले दिसले नाहीत."

आण्णा सुरूच झाले. क्रांतिसिंह नाना पाटील, साताऱ्याचं प्रतिसरकार, तुफान सेना, आणि जून १९४३ मध्ये शेणोली स्टेशनजवळ पुणे–मिरज गाडी अडवून सरकारी पगाराचे पैसे लुटले ती हकिकत. कोरेगाव येईपर्यंत पोरगं आण्णांच्या मांडीवर चढून ऐकत होतं. "एसटीनं का नाही नेले पैसे?" आण्णा म्हणाले, एसटीच नव्हती. पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली, पुण्याहून नगरला.

रात्री मी ती हकिकत आण्णांच्याच शब्दांत लिहून काढली, ठसठशीत अक्षरात दोन पानं. 'आरं', 'तवा', 'पार' सगळं ठेवलं. ऐकलेलं, आवडलेलं, आपल्या माणसाच्या तोंडचं, त्यामुळे पुढचा शब्द काय येणार याचा कान आधीच तयार असतो, आणि अंदाज चुकला तर तो स्वतःच परत येऊन अक्षर तपासतो. हा अंदाज आणि जूनमधलं अंदाजपंचे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सोपं की अवघड हा प्रश्नच उरत नाही, कारण गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाची आहे, सात वर्षांच्या नाही.

आण्णा खूष. 'लाड' हा शब्द या आठवड्यात ऐकू आलेला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

गणपती परवावर आणि मंगळवारपासून एसटीचा संप. सार्थकच्या जीवाची घालमेल. काल रात्री संप मिटला. आज सकाळी मी उठायच्या आधी पेपर त्याच्या हातात. मथळा वाचला, मग खालची बातमी, बोट लावून. 'मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ'. "आत्या, वेतन म्हणजे?" पगार. "मग पगार का नाही लिहीत?" याला उत्तर नाही.

पेपरचं मराठी त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. चार वाक्यांत मिळून निम्मे शब्द मी सांगितले. तरी सोडलं नाही. अवघड मजकुरापासून मुलांना लांब ठेवा असं एक मत आहे. मला वाटतं, ओझं कुणी लादलंय यावर ते किती जड लागतं हे ठरतं.

२२ सप्टेंबर, रविवार

वहिनीचं आणि माझं जरा वाजलं. शाळा सेमी-इंग्रजी, गणिताचं पुस्तक इंग्रजीत, तेव्हा इंग्रजी वाचन कधी घेणार. रास्त प्रश्न आहे. माझं म्हणणं, एका लिपीत पाय घट्ट रोवू दे. गणितातली उदाहरणं तोवर कुणीतरी वाचून दाखवा, गणित त्याला येतं. वहिनी म्हणाली, 'परीक्षेत कोण दाखवणार?' यावर मी गप्प बसले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन, कलामांची जयंती. शाळेत प्रत्येकाने आवडत्या पुस्तकाबद्दल बोलायचं होतं. सार्थक स्वतः केलेलं वेळापत्रक घेऊन गेला. मी अडवलं नाही, वहिनीने कपाळाला हात लावला. जे घडलं ते त्याच्या तोंडून: 'त्र्यंबकेश्वर'ला तो अडला, मागच्या बाकावरचा एक हसला, याने कागद पुढे केला, "तू वाच." तोही अडला. मग बाईंनी फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतलं.

रात्री मोजणी. जूनइतक्याच अवघडपणाचा नवा उतारा, मिनिटाला बरोबर शब्द ५४. साठच्या अजून खाली. पण चुकला की परत मागे येऊन दुरुस्त करतो, हे जूनमध्ये एकदाही केलं नव्हतं. मला वेगापेक्षा ते महत्त्वाचं वाटतं. 'डाली'चा निर्णय: तूर्त नाही. सरकतंय. जानेवारीत परत बघू.

२० ऑक्टोबर, रविवार

सहामाही संपली. बाकी राहिलेलं लिहून ठेवते.

लेखन ढिलं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. ('ऱ्हस्व' हा शब्द मात्र वाचता येतो, कऱ्हाडची कृपा.) सध्या त्याला हात लावणार नाही, दोन आघाड्या एकदम नकोत.

गोष्टींची पुस्तकं अजूनही नको आहेत. नगरवाचनालयातून त्याने आणलंय ते इंजिनांचं पुस्तक, आणि त्यातही नुसत्या चित्रांखालच्या ओळी वाचतो. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, त्यातली कोडी वाचतो, कथा सोडतो. वहिनीच्या मते हे वाचन नव्हे. माझ्या मते आहे. निकाल लागलेला नाही.

इंग्रजीचं भाऊबीजेनंतर बोलायचं ठरलंय. भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, आम्ही सगळे ताईकडे कोल्हापूरला. परतीची गाडी शोधायचं काम सार्थककडे दिलं. त्याने वेळापत्रक वाचून दोन काढल्यात, एक विनाथांबा आणि एक कऱ्हाड स्टँडात शिरणारी. मला विनाथांबा हवीय. त्याला कऱ्हाडच्या पाट्या बघायच्यात, आणि आण्णा त्याच्या बाजूने आहेत.